एड्सच्या पोस्टरांना एका पेंटरचे मार्क

कवटी काढायला सगळ्यात सोपी. एक गोल, दोन काळे खड्डे, खाली दातांच्या उभ्या रेघा आणि मागं दोन हाडांची फुली. विजेच्या डीपीवर 'धोका' लिहिताना काढायचो तीच. नव्वदच्या दशकात एड्सचं काम आलं की ऑर्डर देणारा सांगायचा, "पेंटर, कवटी घ्या, अक्षरातनं रक्त गळतंय असं दाखवा. लोक घाबरले पाहिजेत." लोक घाबरायचेच. घाबरल्यावर जायचं कुठं, करायचं काय, हे मात्र त्या भिंतीवर कुठंच नसायचं.

मी मिरजेचा पेंटर. आता फ्लेक्स आणि डिजिटल प्रिंटचं दुकान आहे, पण हात बसला तो भिंतींवर. शाळांची कंपाउंडं, एसटी स्टँड, ट्रकच्या फळ्या, दवाखान्यांचे पॅसेज. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण, पोलिओचे दोन थेंब, क्षयरोग, कुष्ठरोग, सगळं रंगवलंय. त्यात एड्सइतकं वाईट काम दुसऱ्या कशाचं झालेलं नाही असं माझं मत आहे. आणि सगळ्यात डोकेबाज कामही त्यातलंच. डॉक्टर लोकांनी, प्राध्यापकांनी यावर लिहायचं ते लिहिलं असेल. मी रंग लावणाऱ्याच्या बाजूनं मार्क देतोय.

माझी कसोटी साधी आहे. रस्त्यानं चाललेल्या माणसाकडं भिंत वाचायला तीन-चार सेकंद असतात, तेवढ्यात एक गोष्ट डोक्यात शिरली पाहिजे. एड्सच्या पोस्टरला आणखी एक अट जास्तीची लागते: वाचताना कुणी आपल्याला बघत नाही ना, याची वाचणाऱ्याला खात्री पाहिजे. पोलिओचं पोस्टर बाई पोराला कडेवर घेऊन खुशाल वाचते. एड्सच्या पोस्टरपुढं जरा जास्त वेळ उभा राहिलेला माणूस दिसला की पानटपरीवर विषय निघतो. म्हणून लोक ते चालता चालता, तिरक्या डोळ्यानं वाचतात. हे ज्यानं ध्यानात घेतलं त्याचं पोस्टर चाललं. बाकीच्यांचा नुसता रंग वाया गेला.

कवटीला दहापैकी एक. तो एकही एवढ्यासाठी की ती लांबून दिसते. त्या काळी औषधं गरिबाच्या आवाक्याबाहेर होती हे मान्य. पण १ एप्रिल २००४ पासून सरकारनं एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या फुकट द्यायला सुरुवात केली, आधी आठ रुग्णालयांत, त्यात मुंबईचं जे.जे. होतं, आणि मग केंद्रं वाढत गेली. माणसं गोळ्या खाऊन शेतात जायला लागली, पोरांची लग्नं लावायला लागली. कवटी तेव्हाच खोटी ठरली होती. पण जुनी भिंत पुसायची ऑर्डर कोण देतंय? चांगला ऑइल पेंट वर्षानुवर्षं टिकतो. दर महिन्याला गोळ्या आणायला जाणारा माणूस जाता-येता ती कवटी बघत राहिला. एचआयव्ही झालेल्यांविषयी द्वेष पसरवणारं काही छापायला, लावायला बंदी करणारा कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. तोवर कितीतरी कवट्या आपोआप उडून गेल्या होत्या, पावसानं.

दुसरा नमुना 'यामुळे एड्स होत नाही'वाला. हा सगळ्यांना माहीत आहे: डास, एका ताटात जेवणारे दोघं, हात मिळवणारे दोघं, संडास, टॉवेल, आणि प्रत्येकावर लाल फुली. माहिती शंभर टक्के खरी. डास चावून, एकत्र जेवून, एक संडास वापरून एचआयव्ही होत नाही. तो होतो कंडोमशिवायच्या संबंधातून, दूषित रक्तातून, दूषित सुईतून आणि आईकडून बाळाला. पण हे पोस्टर काढणाऱ्याला भिंत माहीत नव्हती. उन्हात सगळ्यात आधी लाल उडतो. स्वस्तातला असला तर फारच लवकर. पश्चिमेकडं तोंड असलेल्या एका शाळेच्या भिंतीवर मी हेच चित्र रंगवलं होतं. पुढं त्याच वाटेनं गेलो तर फुल्या विरून गुलाबी डाग राहिलेले, काळा डास मात्र जसाच्या तसा, आणि वर ठळक 'एड्स'. वाचता न येणाऱ्या माणसानं यातनं काय घ्यायचं? वाचता येणाऱ्याचीही गडबड होते. कारण चित्र आधी दिसतं आणि 'नाही' नंतर.

त्यापेक्षा जे चालतं तेच काढावं. दोघं एका ताटात भाकरी मोडतायत, हसतायत, शेजारी 'याला एचआयव्ही आहे, हा याचा मित्र आहे'. फुली नको, डास तर नकोच. असं काम मला फार कमी वेळा मिळालं. फुलीवाल्याला चार मार्क, आणि रंग चांगल्या कंपनीचा असेल तर पाच.

आता ज्याला मी आठ देतो तो. २००२ च्या शेवटाला मी मुंबईला मेव्हण्याकडं गेलो होतो, लोअर परळला. स्टेशनात, बसवर, लोकलच्या डब्यात, जिथं बघावं तिथं एकच हिंदी प्रश्न: बलबीर पाशाला एड्स होणार का? ना कवटी, ना सुई, ना सरकारी उपदेश. हा बलबीर कोण, त्यानं काय केलं, काही पत्ता नाही. डब्यातली माणसं एकमेकांना विचारत होती. एक म्हणे पिक्चर येतोय, दुसरा म्हणे खरंच असा कोणी माणूस असणार. मेव्हणा मला म्हणाला, "दाजी, तुम्ही पेंटर ना, सांगा की ही कशाची जाहिरात." मला सांगता आलं नाही, आणि तिथंच मी हात जोडले. धंद्यातल्या माणसालाही विचारात पाडणारं होर्डिंग रोज बघायला मिळत नाही.

पॉप्युलेशन सर्व्हिसेस इंटरनॅशनल या संस्थेची ती मोहीम होती. पुढच्या फळ्यांवर बलबीरची गोष्ट उलगडत गेली. दारू चढली की तो कंडोम विसरतो. तो फक्त मंजुळाकडंच जातो, पण मंजुळाकडं दुसरेही येतात. समोरचा माणूस दिसायला धडधाकट आहे म्हणून बलबीर बिनधास्त आहे. प्रत्येक वेळी शेवटी तोच प्रश्न आणि हेल्पलाइनचा नंबर. यातली हुशारी कळायला कारागीर असावं लागत नाही. 'तुम्हाला एड्स होईल' म्हटलं की माणूस मान फिरवतो. 'बलबीरला होईल का' म्हटलं की त्यावर बोलतो, पैज लावतो, आणि बोलता बोलता स्वतःचा हिशोब मनातल्या मनात करून टाकतो. डब्यातल्या चारचौघांत मोठ्यानं वाचता येईल असं एड्सचं पोस्टर मी त्याआधी बघितलं नव्हतं. हेल्पलाइनचे फोन वाढले. पुढच्या वर्षी तमिळनाडूत 'पुल्ली राजा' नावाच्या गड्यावर याच पद्धतीचा प्रश्न भिंतींवर लागला, तिथंही तो लोकांच्या तोंडी झाला.

दोन मार्क कापले ते मंजुळापायी. बलबीरला नाव, सवयी, मित्र, सगळं दिलं. मंजुळाला फक्त रोग दिला. महिला संघटनांनी यावर आक्षेप घेतला आणि तो बरोबर होता. मंजुळाला तो रोग कुणी आणून दिला? गिऱ्हाइकानंच ना? आमच्या सांगलीकडं हा मुद्दा पटकन कळतो. 'संग्राम' संस्थेनं १९९२ पासून इथल्या धंदा करणाऱ्या बायकांनाच पुढं केलं. त्याच कंडोम वाटायच्या, त्याच एकमेकींना समजवायच्या, आणि पुढं त्यांची स्वतःची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. कंडोमशिवाय येणाऱ्या गिऱ्हाइकाला परत पाठवणाऱ्या बायका त्यात आहेत. होर्डिंगवर ती मंजुळा दिसली असती तर दहाच्या दहा दिले असते.

'जोडीदाराशी एकनिष्ठ राहा' या पोस्टरवर मी जास्त वेळ घालवणार नव्हतो, पण घालवावा लागेल, कारण सगळ्यात जास्त छापलं गेलं ते हेच. नवरा-बायको, मधे लाल फीत, मागं सूर्योदय. सुंदर दिसतं. सरकारी दवाखान्यातल्या एका समुपदेशक मॅडमनी मला तोंडावर विचारलं होतं, "पेंटर, माझ्यासमोर बसलेल्या बाईला हे पोस्टर मी कसं वाचून दाखवू? तिनं लग्नात दिलेला शब्द पाळलाय. तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे." मी गप्प बसलो. आपल्याकडं नवऱ्याकडून लागण झालेल्या बायका थोड्या नाहीत. त्यांना हे पोस्टर काय सांगतं? राहा एकनिष्ठ. राहिलोय की.

नवरा कंडोम घेऊन घरी आला तरी घोळच. १९६८ पासून सरकार 'निरोध' नावाचं कंडोम विकत होतं, पंधरा पैशाला तीन, कुटुंबनियोजनाच्या पाट्यांशेजारी. तेव्हा ती नवरा-बायकोची घरची वस्तू होती. एड्सच्या पोस्टरांनी तिला 'बाहेर जाताना न्यायची वस्तू' करून टाकलं. आता बायको विचारते, "माझं ऑपरेशन झालंय, मग हे कशाला?" या एका प्रश्नाचं उत्तर देणारं पोस्टर मी आजवर छापलेलं नाही. कुणी फाइल आणली तर मजुरी अर्धी घेईन. एकनिष्ठवाल्याला तीन. सूर्योदयाचा रंग छान उठतो म्हणून तीन, नाहीतर दोनच.

आता माझ्या आवडीचं पोस्टर, जे भिंतीवर फार कमी आणि खोलीत जास्त दिसतं: कंडोम वापरायची पद्धत, सहा चित्रांत. एका आरोग्य शिबिरासाठी मी हे हातानं काढलं होतं. पहिल्या चित्रात पाकिटावरची तारीख बघणारा माणूस. दुसऱ्यात पाकीट कडेनं फाडणारी बोटं, दात नव्हे. तिसऱ्यात टोक चिमटीत धरून हवा काढणं. चौथ्यात ताठर लिंगावर मुळापर्यंत उलगडणं. पाचव्यात वीर्य पडल्यावर लगेच, मुळाशी धरून बाहेर येणं. सहाव्यात गाठ मारून, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकणं.

चौथ्या चित्रापाशी गाडी अडली. ऑर्डर देणारे साहेब म्हणाले, "केळं काढा." मी म्हटलं, "साहेब, हे वाचून कुणी केळ्यालाच घालून बसला तर?" ते हसले, पण केळ्यावरून हलेनात. मग मी पोरीचं शाळेचं विज्ञानाचं पुस्तक नेऊन दाखवलं. त्यात जसं असतं तसं काढतो म्हटलं. नुसती काळी बाह्यरेषा, आत रंग नाही, सावली नाही, केस नाहीत, मागं-पुढं अंग नाही. चित्रात सावली आली की ते मांसाचं दिसायला लागतं आणि लोक खाकरायला लागतात. एकसारख्या जाडीची रेघ मारली की ते पंपाच्या दुरुस्तीच्या तक्त्यासारखं दिसतं, बघणाऱ्याला लाज वाटायला काही उरत नाही. साहेबांनी मान डोलावली. शिबिरात सगळ्यात जास्त गर्दी त्याच तक्त्यापुढं, आणि तीही तंबूच्या आत होता म्हणून. बाहेर रस्त्याच्या कडेला लावला असता तर कुणी फिरकलं नसतं. उलट कुणीतरी माझ्या नावानं ओरडलंच असतं, "ओ पेंटर, पोरीबाळी जातात इथनं!"

या तक्त्याला नऊ. एक मार्क तेलापायी कापला. आपल्याकडं घराघरात खोबरेल तेल असतं आणि माणूस कोरडं वाटलं की तेच लावतो. तेलानं, व्हॅसलीननं कंडोमचं रबर कमजोर होतं आणि ते फाटतं. पाण्याचं वंगण चालतं. ही गोष्ट सहा चित्रांत कुठंच नव्हती, त्या समुपदेशक मॅडमनी सांगितल्यावर मला कळली. सातवं चित्र पाहिजे: तेलाची बाटली, आणि फुली. आता फुलीचं मी वर जे सांगितलं ते आठवून कुणी हसेल, पण आतल्या भिंतीवर लाल उडत नाही. मागच्या खिशातल्या पाकिटात महिनोन्महिने दाबून ठेवलेलं कंडोम वापरू नका, हेही त्यातच बसेल.

तेलाचा मुद्दा पुरुष-पुरुष संबंध असणाऱ्यांना तर फारच लागू. पण दोन पुरुषांचं चित्र काढायची ऑर्डर मला एकदाही आलेली नाही. मुंबईत 'हमसफर ट्रस्ट' १९९४ पासून या मुलांसोबत काम करतोय. आमच्याकडच्या भिंतींवर मात्र सगळे नवरा-बायकोच.

जागेबद्दल बोलायलाच पाहिजे, कारण चांगलं पोस्टर चुकीच्या ठिकाणी लावलं की ते संपलं. सगळ्यात वाया जाणारी जागा म्हणजे दवाखान्याचं मुख्य दार. तिथं माणूस केसपेपरच्या रांगेत असतो, मागं गाववाला उभा. सगळ्यात चांगल्या जागा दोन: पुरुषांच्या मुतारीत डोळ्यांच्या उंचीवर, आणि सलून. मुतारीत माणूस एकटा असतो, दुसरीकडं बघायची सोय नसते, आणि तो काय वाचतोय हे विचारायला कुणी येत नाही. सलूनमध्ये नंबर येईपर्यंत बसावं लागतं, आणि आरशासमोर मान अडकली की समोर असेल ते वाचावंच लागतं. आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्या तात्यांना मी एक छोटं पोस्टर दिलंय, अख्खं नाही, वर्तमानपत्राच्या पाव पानाएवढं. त्यांनी ते दरपत्रकाच्या खाली लावलं. कटिंग, दाढी, फेशियलचे दर वाचत वाचत माणूस आपोआप खाली येतो. दर बघतोय असंच सगळ्यांना वाटतं.

तपासणी केंद्राच्या दाराची पाटीही मीच रंगवली होती एका दवाखान्यात. हुकूम होता: लाल, मोठी अक्षरं, बाण. आणि तसंच झालं. व्हरांड्यातल्या बाकावरची सगळी माणसं त्या बाणाखालून कोण आत जातंय ते बघत बसायची. आतली तपासणी फुकट, नाव गुप्त, समजावून सांगायला माणूस, आणि दारावर ही दवंडी. पुढं तिथल्या मॅडमनी स्वतःच्या खिशातनं पैसे देऊन पाटी बदलून घेतली. साधी निळी अक्षरं, खोलीचा नंबर, खाली बारीक 'समुपदेशन'. त्या पाटीला दहा देतो, कारण तिच्यात काहीच दिसत नाही.

आत्ता जी पोस्टरं येतात ती छपाईला झकास आहेत. विषयही बरे आहेत. नियमित गोळ्या घेऊन रक्तातला विषाणू मोजणीत येणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर तो संबंधातून जोडीदाराला जात नाही, हे आता सांगितलं जातं. माझ्या मते या दुखण्याच्या पोस्टरांवर आलेली ही सगळ्यात मोठी बातमी. गरोदरपणात तपासणी करून औषध चालू ठेवलं तर बाळ वाचवता येतं, हेही सांगतात. पण मांडणी बघाल तर वर तीन हसरे फोटो, खाली पाच-सहा बोधचिन्हांची पट्टी, उरलेल्या जागेत मजकूर दाटीवाटीनं, आणि १०९७ हा हेल्पलाइनचा नंबर तळाला, पांढऱ्यावर पिवळा. पिवळा पांढऱ्यावर वाचत नाही, हे ब्रश धरणाऱ्या पोरालाही पहिल्या आठवड्यात सांगतात. कुणाचाही चेहरा न बघता, नाव न सांगता बोलता येतं, तोच नंबर सगळ्यात बारीक.

आणखी एक राहतंच: 'आजच तपासणी करा'. काल संबंध आला आणि आज तपासलं तर काही कळत नाही. शरीरात खूण उमटायला वेळ लागतो, म्हणून निगेटिव्ह आलं तरी तीन महिन्यांनी परत तपासायला सांगतात. पोस्टर वाचून धावत गेलेला, निगेटिव्ह कागद घेऊन निवांत झालेला माणूस परत येत नाही. एक ओळ वाढवा. बोधचिन्ह एक कमी करा, जागा होते. आत्ताच्या पोस्टरांना सहा, मजकुराचे सगळे आणि मांडणीचे जवळजवळ शून्य.

यंदा १ डिसेंबरच्या जागतिक एड्स दिनासाठी कुणी पोस्टरं काढणार असेल तर धंदेवाल्याच्या तीन सूचना. १०९७ वीतभर उंच करा, काळ्यावर पिवळा. लॅमिनेशन मॅट घ्या. चकचकीत घेतलं तर दवाखान्याच्या ट्यूबलाइटखाली वाचायला मान वाकडी करावी लागते, आणि मान वाकडी करणारा माणूस लगेच दिसतो. आणि फाइल ३० नोव्हेंबरला रात्री पाठवू नका. दरवर्षी तेच होतं, आणि त्या रात्री मशीनवर लग्नाचे बॅनर असतात.